उपाशी विठोबा, शेवटून पहिला

दीनानाथांना काळजी करायला कारण लागत नसे. मिळालं तर ते घेत, नाही असं नाही. पण त्यासाठी अडून बसत नसत. गॅस बंद केलाय ना, कुलपाला हिसडा दिलाय ना, बस चुकणार तर नाही ना, आणि बस मिळाली की, ही आपलीच बस ना! सदाशिव पेठेतल्या त्यांच्या घरापासून अलका टॉकीजचा चौक हाकेच्या अंतरावर. तरी हे गृहस्थ हिंजवडीला जाणाऱ्या कंपनीच्या बससाठी इतक्या लवकर जाऊन उभे राहत, की कोपऱ्यावरचा पेपरवाला गठ्ठे त्यांच्या भरवशावर टाकून चहाला जाई.

पण त्या शुक्रवारी संध्याकाळी त्यांना जी काळजी लागली, तिला मात्र कारण होतं. अमेरिकेतला एक माणूस फोनवर बोलता बोलता गप्प बसला होता.

आता सदाशिव पेठेतल्या, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या माणसाचा अमेरिकेशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. विचाराच. त्यांच्या पत्नी उल्काताईही विचारत असत.

झालं होतं असं. बँकेत संगणक आले, पाठोपाठ स्वेच्छानिवृत्तीची योजना आली, आणि ‘आम्हाला घालवलं हो’ असं भेटेल त्याला सांगत दीनानाथ घरी येऊन बसले. उल्काताई शाळेत शिकवायला जायच्या. त्या बाहेर पडल्या की घरात हे एकटे. पायपुसणं सरळ करायचं, दूधवाल्याशी मापावरून वाद घालायचा, गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायचं. घालायचं म्हणजे इतकं, की शेवटी तुळस कुजली. उल्काताई कुंडीकडे बघून म्हणाल्या, “अहो, हिनेही घेतली बघा स्वेच्छानिवृत्ती.”

त्यातून त्यांना बाहेर काढलं आमोदने. दीनानाथ क्रिकेटच्या एका क्लबाचे स्कोअरर होते. बँकेत असल्यापासून दर रविवारी झाडाखालच्या टेबलाशी बसून धावा लिहायच्या, हा त्यांचा धर्म. त्याच क्लबात आमोद खेळायचा आणि दीनानाथ त्याच्या नावापुढे बहुतेक वेळा भोपळा लिहायचे. ते पोरगं मोठं झालं, हिंजवडीत त्याने छोटीशी कंपनी काढली, आणि पहिलंच काम मिळालं ते अमेरिकेतल्या बेसबॉलच्या एका मासिकाचं. तिकडचा मोसम एप्रिलमध्ये सुरू होतो. त्याआधी तिथल्या तीस व्यावसायिक संघांपैकी कोण किती सामने जिंकेल, कोण कितवा येईल, याची भाकितं मासिकाच्या जाडजूड अंकात छापायची असतात. तिकडच्या पंडितांची तीच ती मतं ऐकून संपादक कंटाळला होता. त्याला कोऱ्या नजरेने केलेला हिशेब हवा होता, आणि पुण्याहून जास्त कोरी नजर बेसबॉलच्या बाबतीत कुठे मिळणार!

“काका, आकडे वाचणारा माणूस हवाय. याल का?” आमोदने विचारलं.

“विचार करून सांगतो,” असं दीनानाथ म्हणणार होते. तोंडातून ‘हो’ निघालं.

आणि मग काय विचारता! गळ्यात पट्ट्याला लटकवलेलं ओळखपत्र, हातात डबा, बसमध्ये पोराटोरांची इंग्रजी-हिंदी बडबड. दीनानाथांना पुन्हा माणसात आल्यासारखं वाटलं. ओळखपत्र एकदा रविवारी मंडईत जातानाही गळ्यात राहिलं, तेव्हा उल्काताईंनी विचारलं, “भाजीवालीकडे हजेरी लागते का?” त्यांनी ते मुकाट्याने काढलं, पण खिशात ठेवलं. टाकून द्यायचा जीव होईना.

ऑफिसात त्यांच्याबरोबर काम करायची निकिता. संख्याशास्त्र शिकलेली, हुशार, मोजकं बोलणारी. दीनानाथ सांगणार कोणत्या आकड्याचा अर्थ काय, आणि ती त्याप्रमाणे संगणकाला शिकवणार. त्या शिकवलेल्या हिशेबाला सगळे ‘मॉडेल’ म्हणायचे. संघांची अमेरिकन नावं दीनानाथांच्या जिभेवर बसेनात, एकाचं दुसऱ्याला लागायचं. तेव्हा त्यांनी उपाय काढला. पुण्यात देवांना नावं ठेवायची पद्धत जुनी आहे. त्यांनी एकेका संघाला एकेक देव वाटून दिला. कुणी डुल्या मारुती, कुणी पत्र्या मारुती, कुणी खुन्या मुरलीधर, कुणी सोट्या म्हसोबा. महिन्याभरात सगळं ऑफिस त्याच नावांनी बोलू लागलं.

निकिता हसून म्हणायची, “सर, माझ्या आजोबांनी छप्पन साली घरातले देव घालवले. आणि मी इथे बसून रोज तीस देवांचा हिशेब लिहितेय. बाबांना कळलं ना, तर नोकरी सोडायला लावतील.”

या तीस देवांत एक होता उपाशी विठोबा. या संघाकडे नाव घेण्यासारखा फटकेबाज एकही नव्हता. मॉडेलने त्याला तिसाव्या जागी टाकलं. शेवटून पहिला.

शुक्रवारी संध्याकाळी अंतिम यादी संपादकाला फोनवर वाचून दाखवायची होती. टेबलाच्या मध्यावर फोन, भोवती तिघं. आमोद वाचत गेला, पलीकडून “येस, येस” येत गेलं. यादी संपत आली. आमोदने शेवटचं नाव वाचलं, आणि पलीकडे काही आलंच नाही.

मग संपादक म्हणाला, “शेवटचे? ते?”

“मॉडेल तसं सांगतंय,” आमोद ऐटीत म्हणाला.

“इंटरेस्टिंग,” संपादक म्हणाला. सोमवारी रात्री पानं छपाईला जातील असं सांगून त्याने फोन ठेवला.

आमोद खूश झाला. निकिताने वही मिटली. दीनानाथ मात्र त्या फोनकडेच बघत राहिले. रविवारच्या रविवार पंचांकडे बघत बसलेला माणूस तो. पंच बोट वर करण्याआधी, किंवा न करण्याआधी, जो थांबतो ते थांबणं त्यांना चांगलं ओळखता येई. हे तसंच होतं.

बसमध्ये चढण्यापूर्वी ते परत फिरले. कपाटावर एक खोकं होतं. काम सुरू झालं तेव्हा संपादकाने कौतुकाने सामन्यांच्या व्हिडिओ कॅसेट पाठवल्या होत्या. त्या कुणी बघितल्या नव्हत्या. मुळात दीनानाथच म्हणाले होते, “ज्याला स्कोअरबुक वाचता येतं त्याला सामना बघावा लागत नाही.” गंमत बघा, तीस संघांचं भविष्य सांगायला बसलेल्या त्या ऑफिसात एकाही माणसाने बेसबॉलचा एकही सामना पाहिला नव्हता! दीनानाथांनी खोक्यातली, ज्यावर उपाशी विठोबाचं खरं नाव लिहिलं होतं ती कॅसेट शोधली आणि डब्याच्या पिशवीत टाकली.

शनिवारी दुपारी, मुलगी स्पृहा हिच्या लग्नाची कॅसेट बघण्यापुरता घेतलेला व्हीसीआर त्यांनी पुसून लावला. उल्काताई शेजारी दिवाणावर पेपर तपासत बसल्या होत्या.

“हे काय?”

“ऑफिसचं काम.”

“टीव्ही बघणं? मग माझ्या वर्गातली निम्मी पोरं तुमच्या ऑफिसात घ्या.”

पडद्यावर उपाशी विठोबाचा एक खेळाडू बॅट खांद्यावर घेऊन उभा राहिला. समोरच्याने चेंडू फेकला. हा हलला नाही. बाहेरून गेला. पुढचा चेंडू आत आला, तोही याने सोडला, आणि पंचाने हात वर केला. तसे तीन झाले की बाद. पुढचा पुन्हा बाहेर. मग एक असा आला, की दीनानाथांचाच खांदा पुढे गेला. “मार की!” ते ओरडले. तो माणूस पुढे झुकला, त्याची बॅट निघाली, निघता निघता थांबली. चेंडू कडेवरून बाहेर गेला होता. पुढचाही तसाच. चार बाहेरचे झाले. त्याने बॅट जमिनीवर ठेवली आणि संध्याकाळी पर्वतीवरून उतरावं तसा निवांत पहिल्या बेसवर जाऊन उभा राहिला.

यालाच तिकडे ‘वॉक’ म्हणतात. चार चेंडू बाहेर टाकले की फलंदाजाला फुकटात पहिला बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला टप्पा, मिळतो. दीनानाथांना हे माहीत होतं. माहीत नव्हतं ते पुढचं. मैदानभर लोक टाळ्या वाजवत होते. आणि थोड्या वेळाने तो गडी सगळे बेस फिरून परत आला, तेव्हा त्याचे सगळे जोडीदार एका रांगेत पंजे वर करून उभे होते, आणि हा प्रत्येकाच्या पंजावर पंजा मारत चालला होता.

“हे काय चाललंय?” दीनानाथ वैतागून म्हणाले. “याचं कसलं कौतुक? त्या फेकणाऱ्याने चार वाइड टाकले. चूक त्याची. याने केलं काय?”

उल्काताईंनी पेपरातून डोकं वर केलं. त्यांना बेसबॉलही कळत नव्हता आणि क्रिकेटही. त्या म्हणाल्या, “थांबला की.”

“म्हणजे?”

“अहो, तुम्ही आत्ता इथे बसून ‘मार’ म्हणून ओरडलात. तो थांबला. म्हणून मिळालं ना त्याला?”

दीनानाथांनी रिमोट घेतला आणि चित्र थांबवलं.

कारण मॉडेलला वॉकचा नियम त्यांनीच दिला होता. जानेवारीत निकिताने विचारलं होतं, “सर, हे वॉक कुणाच्या खात्यात टाकू?” आणि क्रिकेटच्या वहीत हयात गेलेल्या माणसाने जे उत्तर द्यावं तेच त्यांनी दिलं होतं. वाइडची धाव फलंदाजाच्या नावावर लिहीत नाहीत. ती अवांतर. फेकणाऱ्याची चूक, फलंदाजाचं नशीब. आणि नशिबाचं भाकीत होत नसतं, तेव्हा ती सगळ्यांना सारखी वाटून टाक. निकिता म्हणाली होती, “पण सर, काही काही लोकांना दर वर्षी जास्त मिळतात. दर वर्षी नशीब कसं असेल?” त्यावर दीनानाथ जे बोलले ते त्यांना आता शब्दन् शब्द आठवलं आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

उपाशी विठोबा फटके मारत नव्हता. तो थांबत होता. त्याचा सगळा संघच थांबणाऱ्यांचा होता. आणि त्यांच्या थांबण्याचं एकूण एक श्रेय दीनानाथांनी काढून तीस देवांना प्रसादासारखं वाटून टाकलं होतं.

“मेलो,” दीनानाथ म्हणाले.

त्यांनी सगळं सांगितलं. उल्काताईंनी लाल पेनाला टोपण घातलं आणि ऐकून घेतलं.

“मग सांगा आमोदला.”

“सांगू? अगं, मला ठेवलंय कशासाठी? आकडे कळतात म्हणून! तेच कळत नाहीत असं ठरलं तर मी तिथे काय चहा करू? तो घरी पाठवणार मला. पुन्हा ती गॅलरी, पुन्हा त्या कुंड्या! त्यापेक्षा मीच सोमवारी सांगतो, चूक माझी, उद्यापासून मी येत नाही. निदान अब्रूने तरी येईन.”

उल्काताईंनी पेपरांचा गठ्ठा बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, “बँकेत हेच केलंत.”

“बँकेने मला घालवलं!”

“कुठे घालवलं? ती नवी मुलगी आली होती, तिच्याशेजारी बसून संगणक शिकून घ्या म्हणाले. एवढंच म्हणाले. तुम्ही दुसऱ्या दिवशी अर्ज देऊन आलात. तुमच्याबरोबरचे भिडे, पाटणकर, सगळे तिच्याशेजारी बसले, शिकले, आणि अजून बँकेत आहेत. लोकांना सांगायचं ते सांगा. मी कधी मध्ये बोलले नाही. पण मला नका सांगू.”

दीनानाथांना ते लागलं. खूप लागलं, कारण खरं होतं. ‘आम्हाला घालवलं’ हे वाक्य इतके वेळा बोलून झालं होतं, की त्यांचाही त्यावर विश्वास बसला होता. आपल्याला कुणीतरी नको म्हणेल, या धास्तीने ते आधीच उठून दार उघडून बाहेर उभे राहत, आणि मग हाकलल्याचं दुःख करत.

“मग आता काय करू?” त्यांनी अगदी लहान आवाजात विचारलं.

“चूक आहे ती सांगा. ती सांगायलाच हवी. पण त्याच्या पुढचं वाक्य बोलू नका. ते त्याला बोलू दे.”

रविवार कसा गेला ते विचारू नका. दीनानाथांनी वरणावर मीठ दोनदा घेतलं आणि भातावर घेतलंच नाही. मध्येच मन म्हणायचं, अरे, भाकीतच ते! पाऊस पडणार म्हणतात आणि ऊन पडतं, कुणी वेधशाळेला फाशी देतं का? गप्प बसलो तर कोण विचारणार आहे? उपाशी विठोबा जिंकलाच, तर ‘खेळ आहे, चालायचंच’ म्हणता येईल. मग डोळ्यांसमोर तो गडी यायचा, निघालेली बॅट मागे ओढणारा. आणि त्याच्यामागे निकिता, ‘दर वर्षी नशीब कसं असेल’ असं विचारणारी. आणि यातला सगळ्यांत वाईट विचार म्हणजे, भाकीत चुकलं तर जाब निकितालाच विचारला जाईल, कारण मॉडेलवर नाव तिचं होतं. चहा करायला आलेल्या उल्काताईंना ते म्हणाले, “सांगतो. पण माझी छाती बघ कशी धडधडतेय.” उल्काताई म्हणाल्या, “धडधडते ते बरंच आहे. बंद पडली तर काळजी करा.”

सोमवारी ते आमोदच्या काचेच्या केबिनमध्ये गेले तेव्हा निकितालाही बोलावून घेतलं. ऑफिसात ते आमोदला अहोजाहो करत, त्यामुळे आमोदला अवघडायला होई. आज सगळी गल्लत झाली.

“आमोदसाहेब, आपण... अरे आमोद, माझी चूक झालीय. मोठी.”

त्यांनी न अडखळता सांगितलं. वॉक म्हणजे वाइड नव्हे. सोडलेला चेंडू हे फलंदाजाचं कर्तृत्व आहे. मी त्याला अवांतर ठरवलं. निकिताने मला तेव्हाच विचारलं होतं.

आमोदचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. “काका, पानं आज रात्री छापायला जातायत! आज! निकिता, तू विचारलं होतंस?”

“हो.”

“मग?”

निकिताने दीनानाथांकडे पाहिलं. तेव्हा दीनानाथच म्हणाले, “मी तिला म्हणालो, पोरी, मी स्कोअर लिहायला लागलो तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता.”

दीनानाथांच्या जिभेच्या टोकाशी ते वाक्य आलं. उद्यापासून मी येत नाही. चार शब्द घरंगळले की झालं, छाती शांत होईल, घाम थांबेल. त्यांनी दात आवळून धरले.

“पुन्हा हिशेब करायला किती वेळ लागेल?” आमोदने निकिताला विचारलं.

“संध्याकाळपर्यंत होईल. पण सरांना माझ्याबरोबर बसावं लागेल. आकडा कुठे आहे ते मला सापडतं, त्याचा अर्थ काय ते त्यांनाच माहीत असतं.”

दिवसभर दोघं एका पडद्यासमोर बसले. निकिताने जेवणाचा डबाही की-बोर्डशेजारीच उघडला आणि न विचारता अर्धी भाकरी त्यांच्या झाकणात ठेवली. आकडे सरकू लागले. खुन्या मुरलीधर घसरला, डुल्या मारुती डुलत डुलत जागच्या जागी राहिला, आणि उपाशी विठोबा चढत चढत आपल्या गटात दुसरा येऊन बसला. निकिता पडद्याकडे बघत हळूच म्हणाली, “बघा सर, जेवला एकदाचा.” दीनानाथांना हसू येईना.

संध्याकाळी आमोद केबिनमध्ये जाऊन संपादकाला फोन करू लागला. दार बंद. काचेतून त्याचे हात दिसत, आवाज येत नसे. तो उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. एकदा त्याने कपाळाला हात लावला. एकदा बोट करून बाहेर दाखवलं आणि ते बोट दीनानाथांकडे होतं. दीनानाथांनी टेबलावरचं आपलं सामान हळूहळू गोळा केलं. डबा, चष्म्याचं घर, पंचांगाचं छोटं कॅलेंडर. ओळखपत्र गळ्यातून काढून हातात धरलं. मग त्यांना वाटलं, हे मी काय करतोय? हेच तर करतो मी दर वेळी! त्यांनी ओळखपत्र पुन्हा गळ्यात घातलं. कॅलेंडर होतं तिथे ठेवलं.

आमोद बाहेर आला. चेहऱ्यावरून काही कळेना.

“यादी बदलली त्याने,” तो म्हणाला. “म्हणतो, उपाशीला तुम्ही शेवटचा टाकलात, ते ऐकून मी चाटच पडलो. मला वाटलं, जे आम्हा कुणाला दिसत नाही ते तुम्हाला पुण्यात दिसलंय. मुखपृष्ठावर टाकणार होता! ‘पुण्याचं भाकीत’ म्हणून. आता ते काढावं लागलं, सगळं पान नव्याने लावतोय. चिडलाय. पुढच्या वर्षी काम देईल की नाही ते मोसम संपल्यावर सांगणार.”

“हं,” दीनानाथ म्हणाले.

“आणि काका,” आमोद खाली बघत म्हणाला. त्याला ते जड जात होतं हे दिसत होतं. “उद्यापासून कोणता आकडा कुठे टाकायचा ते निकिता ठरवेल. शेवटचा शब्द तिचा. तुम्ही तिच्याशेजारी बसायचं, तिचं काम समजून घ्यायचं, तुम्हाला माहीत आहे ते तिला सांगायचं. तिच्या हाताखाली. चालेल तुम्हाला?”

हाच तो चेंडू! बँकेतला, जसाच्या तसा. तीच शेजारची खुर्ची, तशीच एक कालची पोर, आणि तीच बघणारी माणसं. दीनानाथांचा चेहरा तापला. ‘आमच्या वेळी’ असं काहीतरी पोटातून वर आलं. त्यामागे ते तयार वाक्य आलं, ओठापर्यंत आलं, बाहेर पडायला निघालं.

आणि थांबलं.

आमोद वाट बघत होता. निकिता वाट बघत होती. या वेळी गप्प होते ते दीनानाथ. किती गप्प, ते त्यांनाही कळलं नाही. अपमान वाटला का? वाटला. खोटं कशाला बोला! पण तो वाटून हळूहळू बाजूने निघून गेला, आणि ते अजून तिथेच उभे होते, गळ्यात ओळखपत्र घेऊन.

“चालेल,” ते म्हणाले.

निकिताने सुटकेचा निःश्वास टाकला. मग पर्स खांद्याला लावत म्हणाली, “सर, औंधला मी बसमध्ये चढते तेव्हा एकही सीट रिकामी नसते. तुम्ही तर अलका चौकात बसच्याही आधी येऊन उभे असता. उद्या तुमच्या शेजारची जागा धराल? जाता जाता नवा हिशेब समजावते.”

“धरतो,” दीनानाथ म्हणाले. आणि लगेच त्यांना काळजी लागली, कुणी दांडगट येऊन बसला तर उठवायचं कसं?

घरी पोचले तेव्हा उल्काताई ओट्याशी कणीक मळत होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. चपलांच्या आवाजावरून त्यांना बरंच कळत असे, पण आज ते पुरेसं नव्हतं.

“सांगितलंत?”

“सांगितलं.”

“आणि ते पुढचं वाक्य?”

“नाही बोललो.”

“काय म्हणाला आमोद?”

“निकिताच्या हाताखाली बसा म्हणाला. शेजारी बसून शिका म्हणाला.”

उल्काताईंचे हात परातीत थांबले. आता त्या वळल्या. नवऱ्याच्या चेहऱ्याकडे त्यांनी भीत भीत पाहिलं, कारण पुढचं त्यांना पाठ होतं. मागच्या वेळी याच दारात, याच वेळी त्यांनी ते ऐकलं होतं.

“मग? तुम्ही काय केलंत?”

“काही नाही,” दीनानाथ म्हणाले. “उभा राहिलो.”

उल्काताई क्षणभर बघत राहिल्या. मग त्यांनी कणकेने माखलेला उजवा हात वर केला, पंजा उघडून, आणि तसाच धरून ठेवला. दीनानाथांना आधी कळेना हे काय. मग शनिवारची ती रांग आठवली.

त्यांनी पंजावर पंजा मारला. जरा जोरातच लागला. कणीक त्यांच्या बोटांना चिकटली, आणि उल्काताईंनी त्यांचा हात लगेच सोडला नाही.

“हात धुवा आता,” त्या म्हणाल्या, “आणि ताटं घ्या.”